मूळ संहिता कोणती? : लखनौचा कातिब, कानपूर–पुणे परंपरा आणि संगणकसाहाय्यित सॉफ्टवेअर-लेखन

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लखनौ हे उत्तर हिंदुस्थानातील ग्रंथनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र बनले. १८५७ च्या उठावाची धग पुरती शमलेली नसताना, १८५८ मध्ये, मुन्शी नवलकिशोर (१८३६–१८९५) यांनी तेथे छापखाना काढला आणि उर्दू, फारसी, अरबी, हिंदी व संस्कृत ग्रंथ मोठ्या संख्येने प्रसिद्ध केले. यांतील पुष्कळ ग्रंथ शिळाछापाचे होते. नस्तालिक वळणाची अक्षरे ओळीवर तिरकी उतरत जातात आणि शेजारच्या अक्षरानुसार आपले रूप बदलतात. त्यामुळे ती शिशाच्या खिळ्यांत बसवणे अवघड होते. शिळाछापात ही अडचण उद्भवत नसे. कातिब तेलकट शाईने खास कागदावर मजकूर लिहून काढी, तो दगडावर उतरवला जाई आणि त्या दगडावरून प्रती निघत. मजकूर तपासण्याचे काम मुसह्हिहाकडे असे.

या प्रक्रियेत वाचकाच्या हाती येणारे पान ग्रंथकाराच्या हस्ताक्षरातले नसे, आणि यंत्राने जुळवलेलेही नसे. ते मधल्या माणसाने लिहिलेले असे. ग्रंथकाराने एक शब्द लिहिला, कातिबाने दुसरा वाचला आणि मुसह्हिहाच्या नजरेतून तो निसटला, तर ती चूक शेकडो प्रतींतून एकाच वेळी पसरे. मग या ग्रंथाची मूळ संहिता कोणती मानायची? ग्रंथकाराचे टिपण, कातिबाचा कागद, की छापील पान? पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही.

विसाव्या शतकात हाच प्रश्न साहित्याशी वरकरणी संबंध नसलेल्या एका क्षेत्रात उपस्थित झाला. संगणकाची आज्ञावली ही अखेर एक लिखित संहिताच असते. ती माणूस लिहितो, दुसरा माणूस वाचतो व दुरुस्त करतो, आणि यंत्र ती अमलात आणते. ही संहिता लिहिण्याच्या, तपासण्याच्या आणि सांभाळण्याच्या कामी संगणकाचेच साहाय्य घेणारी जी साधने निर्माण झाली, त्यांना १९८० नंतरच्या दशकात ‘केस’ साधने, म्हणजे संगणकसाहाय्यित सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची साधने, असे नाव मिळाले. या साधनांचा इतिहास सहसा तंत्रविद्येच्या अंगाने सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो संहितेच्या आणि भाषांतराच्या अंगाने पाहिला आहे. गंगा–गोमतीच्या दुआबालगतच्या कानपुरातून पुण्यास आलेल्या दोन विद्याप्रवाहांचा त्यात विशेष विचार केला आहे. या साधनांनी लेखनाचे श्रम कमी केले, परंतु अर्थ लावण्याचे श्रम केवळ एक पायरी वर सरकवले. आणि त्या वरच्या पायरीवर कोणाची भाषा बोलली जाते, हा प्रश्न बराच काळ अलक्षित राहिला, असे येथे प्रतिपादन आहे.

२

प्रारंभीच्या संगणकांना यंत्राच्या अंकभाषेतच सूचना द्याव्या लागत. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी ए-० ही आज्ञावली तयार केली. आधीच लिहून ठेवलेले छोटे तुकडे शोधून ती त्यांची एक सलग आज्ञावली जुळवून देई. १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाची फोर्ट्रान भाषा आली, आणि बीजगणिताच्या सूत्रांसारख्या दिसणाऱ्या ओळींचे यंत्रभाषेत रूपांतर आपोआप होऊ लागले. त्या काळी या रूपांतरास ‘स्वयंचलित आज्ञावली-लेखन’ असेच म्हणत. हे नाव बोलके आहे. यंत्रभाषेतील सूचना लिहिणे हेच खरे लेखन आणि फोर्ट्रानमधील मजकूर हे त्याचे केवळ दिग्दर्शन, अशी समजूत त्यामागे होती. काही वर्षांतच ही समजूत उलटली. फोर्ट्रानमधील मजकूर हीच मूळ संहिता ठरली आणि यंत्रभाषेतील रूप तिचे कोणी न वाचणारे भाषांतर झाले. मूळ संहितेचे हे वर सरकणे या संपूर्ण इतिहासात पुन:पुन्हा दिसते.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ या शब्दप्रयोगास प्रतिष्ठा मिळाली. मोठ्या आज्ञावल्या वेळेत पुऱ्या होत नाहीत, पुऱ्या झाल्या तरी मागणी होती तशा नसतात, ही तेथील मुख्य तक्रार होती. मिशिगन विद्यापीठात डॅनिएल टाइक्रो यांच्या गटाने याच सुमारास एक वेगळी वाट धरली. आज्ञावली लिहिण्यापूर्वी ती कशासाठी हवी आहे याचे जे निवेदन केले जाते, तेच एका नियमबद्ध भाषेत लिहावे आणि त्यातील उणिवा व विसंगती संगणकाकडून शोधून घ्याव्यात, अशी ती कल्पना होती. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध आकृतीने दाखवण्याची पद्धत मांडली. पाठोपाठ माहितीच्या प्रवाहाच्या आकृत्या काढण्याचा प्रघात पडला.

१९८४ च्या सुमारास या आकृत्या छोट्या संगणकाच्या पडद्यावर काढता येऊ लागल्या आणि केस साधनांचे पर्व सुरू झाले. अपेक्षा व आराखडा यांच्याशी संबंधित साधनांना ‘वरची’ आणि प्रत्यक्ष आज्ञावली-लेखनाशी संबंधित साधनांना ‘खालची’ केस असे म्हटले जाई. दोन्ही जोडली की आकृतीतून आज्ञावली आपोआप उतरेल, हे आश्वासन होते. १९८९ मध्ये आयबीएमने सर्व साधनांचे फलित एकाच भांडारात ठेवणारी ‘एडी-सायकल’ ही महत्त्वाकांक्षी योजना जाहीर केली. काही वर्षांतच ती सोडून द्यावी लागली.

या अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात; त्यांतील एक संहिताभ्यासकाला सहज उमगावे असे आहे. आकृतीतून आज्ञावली उतरली, तरी तातडीची दुरुस्ती आज्ञावलीतच केली जाई. आकृती मागे राही. वर्ष-दोन वर्षांत दोहोंत इतके अंतर पडे की आकृती हा एक सुंदर परंतु खोटा दस्तऐवज बने. भाषांतरात सुधारणा होत राहाव्यात आणि मूळ ग्रंथ तसाच राहावा, अशी ही अवस्था होती. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच इशारा दिला होता की आज्ञावलीच्या अडचणींपैकी काही आनुषंगिक असतात, तर काही तिच्या स्वरूपातच असतात. साधने पहिल्या प्रकारच्या अडचणी दूर करतात. काय हवे आहे हे नेमके ठरवणे ही दुसऱ्या प्रकारची अडचण आहे, आणि तिच्यावर रामबाण उपाय नाही.

याच काळात बेल प्रयोगशाळेत अधिक विनम्र साधने घडत होती. १९७२ मध्ये मार्क रॉचकाइंड यांनी आज्ञावलीच्या प्रत्येक आवृत्तीतील बदल नोंदवून ठेवणारे साधन रचले. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांचे ‘मेक’ आले. कोणता भाग बदलला, आणि म्हणून कोणते भाग पुन्हा घडवावे लागतील, एवढेच ते पाही. या साधनांनी लेखकाची जागा घेण्याचा दावा केला नाही. त्यांनी पाठभेदांचा हिशेब ठेवला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. सी. सुखठणकर यांनी तिची जी पद्धत घालून दिली, तिच्याशी या साधनांचे नाते जवळचे आहे. एक महत्त्वाचा भेद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. पाठचिकित्सक हरवलेल्या पूर्वरूपाकडे मागे जातो, आणि आवृत्ती-नोंदीचे साधन पूर्वरूप हरवूच देत नाही. केसची भव्य भांडारे विस्मृतीत गेली. आवृत्त्या सांभाळणारी ही परंपरा मात्र २००५ मधील ‘गिट’पर्यंत अखंड चालत आली.

३

भारतात या विषयाचा प्रारंभ टंचाईतून झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत निघाली आणि पुढच्याच वर्षी फकीरचंद कोहली (१९२४–२०२०) यांनी तिची सूत्रे हाती घेतली. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे संगणक आयात करणे अतिशय कठीण होते. १९७४ च्या सुमारास या संस्थेकडे रुग्णालयांच्या कामकाजाची एक आज्ञावली बरोज कंपनीच्या एका प्रकारच्या संगणकावरून दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर नेण्याचे काम आले. दोन्हींची भाषा कोबोलच होती, परंतु तिच्या बोली वेगळ्या होत्या. मुंबईत मात्र उपलब्ध होते ते आयसीएल १९०३ हे तिसरेच यंत्र. तेव्हा एका बोलीतील मजकूर दुसऱ्या बोलीत नेणारी एक आज्ञावली लिहिण्यात आली. माणसांनी ओळ न् ओळ भाषांतरित करण्याऐवजी भाषांतर करणारे साधन घडवावे, हा विचार येथे स्पष्टपणे दिसतो. भारतीय सॉफ्टवेअर-उद्योगाच्या निर्यातीच्या आरंभीच आज्ञावलीचे भाषांतर करणारी आज्ञावली आढळावी, ही बाब भाषांतराच्या इतिहासकाराने दुर्लक्षू नये.

१९८१ मध्ये याच उद्योगसमूहाने पुण्यात टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले. त्याचे पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हे कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या संशोधनास दिशा देणारे केशव नोरी हेही त्याच संस्थेत अध्यापन करून आलेले. नोरी यांचे नाव त्यापूर्वीच एका महत्त्वाच्या कामाशी जोडले गेले होते. झुरिच येथे निकलाउस विर्थ यांच्या गटाने पास्कल भाषेचा जो वाहता येण्याजोगा कंपायलर १९७० नंतरच्या दशकात तयार केला, त्याच्या कर्त्यांपैकी ते एक होते. हा कंपायलर पास्कलचे भाषांतर कोणत्याही खऱ्या यंत्राच्या भाषेत करीत नसे. तो ते ‘पी-कोड’ नावाच्या एका कल्पित यंत्राच्या भाषेत करी. नव्या संगणकावर पास्कल न्यावयाची झाल्यास त्या कल्पित यंत्राचे सोंग वठवणारी छोटी आज्ञावली तेवढी लिहावी लागे.

मध्यस्थ भाषेचे हे तत्त्व तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परिचित आहे. पंचतंत्र पहलवीत गेले, पहलवीतून आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाच्या लेखणीने अरबीत आले, आणि अरबी ‘कलीला व दिम्ना’वरून पुढे अनेक भाषांत पसरले. प्रत्येक भाषेला संस्कृतपर्यंत जावे लागले नाही. परंतु मध्यस्थाने जे गाळले ते पुढील सर्वांसाठी गळाले, आणि जे घातले ते मूळचेच मानले गेले. मध्यस्थ भाषा श्रम वाचवते. त्या बदल्यात तिची मर्यादा सर्वांची मर्यादा होते.

पुण्याच्या केंद्रात पुढे विकसित झालेल्या ‘मास्टरक्राफ्ट’ या साधनामागे हेच तत्त्व अधिक व्यापक रूपात होते. बँकिंग वा विम्याच्या मोठ्या प्रणालीत एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहावी लागते: पडद्यावरील नमुन्यात, व्यवहाराच्या नियमात आणि माहितीच्या साठ्यात. शिवाय ही तिन्ही तंत्रे दर काही वर्षांनी बदलतात. तेव्हा व्यवहाराचे एक प्रतिमान तंत्रनिरपेक्ष रीतीने लिहावे आणि त्यापासून प्रत्येक स्तराची आज्ञावली साधनाकडून लिहवून घ्यावी, असा तो मार्ग होता. विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकातील लेखातून या पद्धतीतील अंगांच्या विभागणीची मीमांसा केली. तंत्र बदलले तर प्रतिमान तसेच ठेवून केवळ लिहविते साधन बदलायचे, ही त्यातील मूळ दृष्टी होय. येथे मूळ संहिता आणखी एक पायरी वर गेली. आज्ञावली ही टाकून देण्याजोगी प्रत झाली आणि प्रतिमान हे जपण्याजोगे मूळ ठरले. व्यवहाराचे नियम मात्र माणसालाच, अधिक वरच्या स्तरावरच्या भाषेत का होईना, लिहावे लागत. आणि ते लिहिण्यापूर्वी समजून घ्यावे लागत.

४

कानपूरहून पुण्यास आलेला दुसरा प्रवाह लिपीचा होता. कानपूरच्या त्याच संस्थेत आर. एम. के. सिन्हा आदींच्या प्रयत्नांतून देवनागरी संगणकाचे काम सुरू झाले होते, आणि १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्याचे प्रात्यक्षिक झाले. त्यातूनच ‘जिस्ट’ हे तंत्र सिद्ध झाले. मोहन तांबे हे त्याचे प्रमुख शिल्पकार. १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सीडॅक, स्थापन झाले आणि जिस्ट तेथे आले. ते साध्या संगणकात बसवण्याच्या कार्डाच्या रूपात मिळू लागले, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्याही भारतीय लिप्यांत चालवता येऊ लागल्या.

या तंत्राचा गाभा ‘इस्की’ या संकेतात होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये त्यास मानकाचे रूप दिले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एक आहे, हे जाणून या संकेतात ‘क’ या वर्णास सर्व लिप्यांत एकच अंक दिला. मजकूर तोच ठेवून लिपी बदलली की मराठी पान तेलुगू वा बंगाली अक्षरांत दिसे. येथेही मूळ संहिता दृश्य अक्षरांपासून अलग करून अमूर्त स्तरावर नेली आहे. मास्टरक्राफ्टमध्ये प्रतिमान आणि आज्ञावली यांचे जे नाते, तेच इस्कीमध्ये वर्ण आणि लिपी यांचे. युनिकोडने आपल्या देवनागरी विभागाची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली, त्यामुळे ही रचना आंतरराष्ट्रीय झाली.

परंतु लखनौतून पाहिले असता या ऐक्याची सीमा दिसते. फारसी–अरबी कुलातील लिप्या या समान तक्त्याबाहेर राहिल्या. त्याचे कारण तांत्रिक दृष्ट्या समर्थनीय होते. त्या लिप्यांची वर्णव्यवस्था व लेखनाची दिशा दोन्ही भिन्न आहेत. परिणाम मात्र असा झाला की मराठी व तेलुगू या दोन वेगळ्या कुलांतील भाषांना एक संकेत लाभला, आणि एकाच बोलीच्या पायावर उभ्या असलेल्या हिंदी व उर्दू यांना दोन. नवलकिशोर यांच्या छापखान्यातून ज्या शहराने दोन्ही लिप्यांतील ग्रंथ बाहेर काढले, त्याच्या दोन्ही संहितांमध्ये संगणकाच्या स्तरावर भिंत उभी राहिली. पुढे सीडॅकने उर्दूसाठी स्वतंत्र संकेत आणि ‘नाशिर’ हे लेखन-साधन तयार केले. पुण्यात घडलेल्या साधनाने नस्तालिक लिहावे, हा कातिबाच्या वारशाला मिळालेला एक अनपेक्षित वारसदारच म्हणावा लागेल. पण संकेताची रचना करताना घेतलेला एक निर्णय भाषिक इतिहासाविषयीचे विधान ठरू शकतो, हे यातून दिसून येते. साधन तटस्थ असते, ही समजूत येथे टिकत नाही.

५

कानपुरातच १९८० नंतरच्या दशकात आणखी एक प्रयोग सुरू झाला. विनीत चैतन्य व राजीव संगल यांनी पाणिनीय कारकविचाराच्या आधारे ‘अनुसारक’ ही प्रणाली रचली. मराठी, कन्नड, तेलुगू, बंगाली, पंजाबी या भाषांतील मजकूर हिंदी वाचकापर्यंत पोचवणे हे तिचे उद्दिष्ट होते. या प्रणालीने सुबक हिंदी भाषांतराचा आग्रह धरला नाही. मूळ भाषेची ठेवण फलितात दिसू द्यावी, जेथे यंत्राला निर्णय करता येत नाही तेथे तसे खुणेने सांगावे, आणि उरलेला अर्थ वाचकाने थोड्या सवयीने लावावा, अशी श्रमविभागणी तिने स्वीकारली. यंत्राने भाषेचे ज्ञान सांभाळायचे आणि माणसाने जगाचे.

केस साधनांच्या इतिहासाशेजारी हा प्रयोग ठेवला असता दोन वृत्ती स्पष्ट होतात. एका वृत्तीचे साधन आपले फलित पूर्ण म्हणून सादर करते आणि त्यातील अनिश्चितता झाकते. दुसऱ्या वृत्तीचे साधन आपण कोठे थांबलो ते दाखवते. एडी-सायकल पहिल्या प्रकारात मोडते; आवृत्ती-नोंदीची साधने आणि अनुसारक दुसऱ्या प्रकारात. २०२१ नंतर भाषिक प्रतिमानांवर आधारलेली नवी साधने साध्या वाक्यांतून आज्ञावली लिहून देऊ लागली आहेत. त्यांनी मूळ संहिता पुन्हा एकदा वर, थेट बोलभाषेपर्यंत नेली आहे. ही साधने अत्यंत अस्खलित लिहितात, आणि हाच त्यांच्याविषयीच्या सावधगिरीचा मुद्दा आहे. कातिबाचे सुंदर वळण पाहून मुसह्हिहाने मजकूर वाचायचा सोडला, तर चूक अधिक देखण्या रूपात पसरते.

६

आता अखेरच्या पायरीचा विचार करता येईल. मूळ संहिता जसजशी वर गेली तसतशी ती आज्ञावलीकाराकडून व्यवहार जाणणाऱ्या माणसाकडे सरकली. त्या माणसाची भाषा कोणती? निर्यातीच्या कामात तिचे उत्तर इंग्रजी हेच होते आणि ते स्वाभाविकही होते. पण देशातील कामांतही प्रतिमानाची भाषा बहुधा इंग्रजीच राहिली. त्याचा अर्थ काय होतो हे जमिनीच्या दप्तरावरून समजते. १९८८–८९ मध्ये भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना देशातील ८ जिल्ह्यांत प्रायोगिक रीत्या सुरू झाली. वर्धा हा त्यांपैकी एक. इंग्रजीत ‘लँड रेकॉर्ड’ हा एकच शब्द आहे, तेव्हा प्रतिमानातही एकच वस्तू असावी असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्रातील सातबारा हा जमिनीच्या तुकड्याभोवती, म्हणजे गट वा सर्व्हे क्रमांकाभोवती, रचलेला असतो. त्या तुकड्यावर कोणाचे हक्क आहेत आणि पीक कोणते आहे, हे तो सांगतो. खातेदाराच्या सर्व जमिनी पाहावयाच्या तर आठ-अ काढावा लागतो. लखनौच्या परिसरात हक्कांचा मुख्य दस्तऐवज खतौनी हा आहे, आणि तो खात्याभोवती, म्हणजे धारकाभोवती, रचलेला असतो. तुकड्यावार नोंद खसऱ्यात असते. एकीकडे जमीन कर्ता आहे आणि माणूस तिचे विशेषण. दुसरीकडे माणूस कर्ता आहे आणि जमीन त्याचे कर्म. ‘सातबारा’चे ‘खतौनी’ असे भाषांतर कोशात चालेल, प्रतिमानात चालणार नाही. हा भेद कोणतेही साधन शोधून देत नाही. तलाठ्याशी मराठीत आणि लेखपालाशी हिंदीत बोलल्यावाचून तो कळत नाही. ब्रुक्स यांनी जिला स्वरूपगत अडचण म्हटले तिचा एक मोठा अंश भाषांतराचा आहे, तो असा.

येथे पुण्याच्या दोन प्रवाहांकडे परत यावे लागते. एकाने प्रतिमानापासून आज्ञावली लिहिण्याचे साधन घडवले, दुसऱ्याने भारतीय भाषा संगणकावर लिहिण्याचे. दोघांचा उगम कानपुरातील एकाच संस्थेशी निगडित होता आणि दोघांचा विस्तार एकाच शहरात झाला. तरीही मराठीत लिहिलेल्या अपेक्षांपासून प्रतिमानापर्यंतचा मार्ग आखणे हे दोहोंपैकी कोणाचेच मुख्य कार्य झाले नाही. पहिल्याचा ग्राहक इंग्रजीत बोलत होता. दुसऱ्याचे लक्ष अक्षरांवर होते, त्या अक्षरांतून व्यक्त होणाऱ्या व्यवहारावर नव्हते. या दोन प्रवाहांना जवळ आणणारा एक प्रयत्न मात्र नोंदवला पाहिजे. २००० मध्ये कोहली यांच्या प्रेरणेने संगणकाधारित प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम सुरू झाला. आंध्र प्रदेशात तेलुगूपासून आरंभ होऊन तो मराठीसह इतर भारतीय भाषांत गेला. सॉफ्टवेअर-रचनेच्या शिस्तीने घडवलेल्या धड्यांतून, सुमारे ४० तासांच्या अवधीत, प्रौढ व्यक्तीस आपल्या भाषेतील साधा मजकूर वाचता यावा, असे त्याचे उद्दिष्ट होते. येथे साधनाचा उपयोग आज्ञावली लिहिण्यासाठी नव्हता. परंतु इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाची भाषा हा रचनेचा प्रारंभबिंदू मानला गेला, आणि हे महत्त्वाचे आहे.

संहिता आपोआप लिहिली जाण्याच्या काळात साहित्याच्या अभ्यासकाचे काम संपत नाही. लिहिणे स्वस्त झाले की वाचणे महाग होते. शिळाछापाच्या काळात प्रती काढणे सोपे झाले तेव्हा मुसह्हिहाची गरज कमी झाली नाही. एक चूक शेकडो घरांत जाणार म्हणून ती वाढली. केस साधनांच्या सत्तर वर्षांच्या पूर्वेतिहासाचा व इतिहासाचा निष्कर्ष याहून निराळा नाही. प्रत्येक साधनाने मूळ संहिता एकेक पायरी वर नेली, आणि प्रत्येक पायरीवर कोणाला तरी दुसऱ्या माणसाचे म्हणणे समजून घेऊन लिहावे लागले. ते म्हणणे मराठीत, अवधीत किंवा उर्दूत असेल तर ते तसेच ऐकून घेणारा वाचक तेथे असतो की नसतो, यावर पुढील सर्व प्रतींची विश्वसनीयता अवलंबून राहते.